माझ्या सालाचा सेट सरकारनं का काढला नाही

हे आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे, नाहीतर माझं पोट फुगेल. कुकर गॅसवर आहे, शिट्ट्यांकडं कान ठेवायचं काम आमच्या ह्यांना देऊन टाकलंय, अन् मी पलंगावर मांडी घालून दोन्ही अंगठ्यांनी टाइप करून राहिले. चुका झाल्या तर झाल्या. झालं काय, की माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा पोरगा, सकाळी फोनवर म्हणाला, "आत्या, टांकसाळीनं ह्या साली नाण्यांचे सेट लई कमी काढले म्हणे. मागच्या साली ढीगभर होते. दरसाली वेगळं का करत असतील? तुला माहीत असंल, आजोबा ट्रेझरीत होते ना." पोरगं सहज विचारून गेलं. त्याला काय माहीत, ह्या एका प्रश्नावर मी माझं निम्मं बालपण घालवलं, बापाशी अबोला धरला, अन् शेवटी उत्तर सापडलं ते टांकसाळीत नाही, आमच्याच घरात, गुंड्यांच्या डब्यात.

तर आधी सेट म्हणजे काय ते सांगते. टांकसाळीत रोजची नाणी पडतात ती आपल्या खिशात येतात. पण हौशी लोकांसाठी सरकार दरसाली एक खास सेटही काढतं. एका डबीत त्या सालाची सगळी नाणी, लहान पैशापासून मोठ्या चांदीच्या नाण्यापर्यंत, प्रत्येकाला आपापला गोल खड्डा, अन् चकाकी अशी की भांग पाडून घ्यावा. ह्या नाण्यांना बोट लावायचं नसतं. बोट लागलं की डाग पडतो, डाग पडला की गेली किंमत. आमचे बाबा नांदेडला ट्रेझरीत कारकून होते. घरात पंखा नव्हता, आईला बरी चप्पल नव्हती, पण प्रत्येक लेकराच्या जन्मसालाचा सेट मात्र बाबा टांकसाळीकडं पैसे भरून मागवायचे. मिल्यादादाचा होता, अंद्याचा होता. दोघांच्या मधे मी. माझा नव्हता.

बाबांना हे खूळ कुठून लागलं ते मला मोठेपणी कळलं, पण इथंच सांगून टाकते, मला क्रमानं सांगायची सवय नाही. आमचे आजोबा लोह्याच्या बाजूच्या एका गावात होते. गावकीची कामं करायचे, मिळायचं ते धान्य. कधीमधी पैसा मिळालाच तर पाटील तो वरून सोडायचा, हाताला हात लागू नये म्हणून. आजोबांनी ओंजळ धरायची अन् वरून नाणं पडायचं. कधी हुकायचं, मग धुळीत शोधायचं. पुढं आजोबा बौद्ध झाले, गाव सोडलं, पोराला शिकवलं, पोरगा ट्रेझरीत लागला. अन् त्या पोरानं काय करावं? तर सरकारला पैसे देऊन असली नाणी विकत घ्यावी, ज्यांना पाटलानंसुद्धा बोट लावायचं नाही. बाबा असं कधी बोलले नाहीत. पण सेट उघडताना त्यांचं तोंड बघितलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं.

प्रत्येकाच्या वाढदिवसाला कार्यक्रम ठरलेला. सकाळी आंघोळी, फोटोंपुढं मेणबत्ती, वंदना. मग बाबा पेटी उघडायचे. आमच्या जयंतीच्या कपड्यांखाली सेट ठेवलेले असायचे, पांढऱ्या रुमालात गुंडाळून. ज्याचा वाढदिवस त्याचा सेट बाहेर निघायचा अन् खिरीच्या वाटीशेजारी पाटावर बसायचा. आम्ही रांगेत उभं राहायचं, अन् बाबा शाळेच्या कवायतीसारखं ओरडायचे, "हात मागं!" सगळ्यांचे हात पाठीमागं. आईचे सुद्धा. मग बाबा झाकण उघडायचे. आम्ही वाकून बघायचो. श्वासही जपून घ्यायचा, कारण वाफेनंही डाग पडतो असं बाबांचं म्हणणं. अंद्या लहान होता तेव्हा त्याला एकदा ऐन वेळेला शिंक आली, तर बाबांनी सेट सोडून त्याचं नाक धरलं होतं.

अन् माझा वाढदिवस, जूनमधे, शाळा उघडायच्या तोंडावर. खीर तीच, वंदना तीच. पेटी मात्र बंद. पाटावर एक पुठ्ठा यायचा, त्यावर बाबांनी बाजारातून जमवलेली माझ्या सालाची साधी नाणी चिकटवलेली, काही घासून गुळगुळीत झालेली, एकाला हळद लागलेली. मिल्यादादा मला म्हणायचा, "सुजे, तुझ्याला हात लावला तरी चालतंय. तुझ्याला कुत्रं चाटलं तरी चालतंय." मी रडायचे. मग बाबांना विचारायचे, माझा सेट का नाही? बाबांचं उत्तर ठरलेलं, तुझ्या साली सरकारनं सेट काढलेच नाहीत बाळ.

का नाही काढले?

इथून बाबांची खरी कारकीर्द सुरू झाली. पहिल्यांदा म्हणाले, त्या साली दुष्काळ होता, सगळं सरकार धान्याच्या मागं. ते मला काही वर्षं पुरलं. मग मी जरा मोठी झाले अन् विचारलं, दुष्काळात नोटा तर छापल्या ना? तर बाबा म्हणाले, टांकसाळीचं यंत्र बिघडलं होतं. पुढच्या वाढदिवसाला म्हणाले, धातू सगळा तोफांना गेला. त्याच्या पुढं म्हणाले, टांकसाळीतले कामगार दुष्काळामुळं आपापल्या गावी गेले, आईबापांकडं बघायला. एकदा तर त्यांनी मला सांगितलं की नाण्यावर कणीस काढायचं का नांगर, ह्यावर दिल्लीत एकमत होईना. माझ्या बापाला लबाडी जमायची नाही, पण एकदा सुरू केली की थांबवताही यायची नाही. गंमत म्हणजे लोकांना वाटायचं ह्यांना लई माहिती. शेजारचे लोक येऊन विचारायचे, औंदा सेट कमी का निघाले हो, मागं जास्ती का निघाले? बाबा खुर्चीत मागं रेलायचे अन् म्हणायचे, "त्याचं असं हाय..." आई आत भाकरी थापत असायची. तेवढ्या वेळापुरता थापण्याचा आवाज जरा मोठा व्हायचा. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

मग लातूर जिल्हा झाला. नवीन जिल्ह्याला नवीन ट्रेझरी पाहिजे, ट्रेझरीला कारकून पाहिजेत, तर बाबांची बदली झाली अन् आम्ही ट्रंका, पाटा-वरवंटा, रांजण अन् दोन सेट घेऊन लातूरला आलो. सेट बाबांनी मांडीवर घेतले होते. रांजण आईनं. लातूरमधे तेव्हा जो तो जिल्हा होऊन बसला होता. जिल्हा पानपट्टी, जिल्हा हेअर कटिंग, एका पंक्चरवाल्यानं सुद्धा पाटीवर जिल्हा घालून घेतलं होतं. बाबांचं ऑफिस एका भाड्याच्या इमारतीत, जुन्या पाटीवर पांढरा रंग मारून नवी लिहिलेली, ऊन पडलं की खालची अक्षरं दिसायची. रेणापूरच्या एका मास्तरांच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. भिंतींना गिलावा नव्हता, मास्तर म्हणाले जिल्हा झालाय, आता गिलावा काय, सगळंच होईल.

जिल्ह्याला सगळं मिळालं. शिक्का मिळाला, साहेब मिळाले, साहेबांना गाडी मिळाली. पाणी तेवढं तालुक्याचंच राहिलं. अन् मग पाऊसही रुसला. आधी नळ दिवसाआड आला, मग आठवड्यानं, मग नळाला फडकं बांधून ठेवलं, धूळ जाऊ नये म्हणून. हापशाचा आवाज मला अजून आठवतो, कोरड्या ढेकरेसारखा. टँकर आला की गल्लीतल्या बायका घागरी अशा टाकायच्या की आधी घागरींचं भांडण व्हायचं, मग बायकांचं. आईनं तेव्हा घरात नियम काढला, भांडी राखेनं घासायची अन् कोरड्या फडक्यानं पुसायची, पाणी लावायचं नाही. ताटाला राखेचा वास, भाकरीला राखेचा वास. वरण बंद झालं कारण डाळ धुवायला पाणी लागतं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कोरडं पिठलं, फार तर येसराच्या, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या पिठाची, आमटी, तीही अशी घट्ट की मिल्यादादा म्हणायचा हिला आमटी नाही, गिलावा म्हणा, मास्तरांच्या भिंतीला लावू. आई राखेनं भांडी अशी घासायची की तो हात बघत राहावं वाटायचं. अंगठ्यानं गोल गोल, कड सोडायची नाही. हा अंगठा ध्यानात ठेवा.

त्या उन्हाळ्यात शाळा लवकर बंद झाली, अन् आईनं मला अन् मिल्यादादाला नांदेडला मावशीकडं पाठवून दिलं. नांदेडला निदान गोदावरी होती, डबकी का होईना. मावशीकडं दोन तांबे पाण्यानं आंघोळ करता यायची, आम्हाला तर राजे झाल्यासारखं वाटलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मी तेरा-चौदाची झाले होते, वर्गातल्या मुलींच्या घरचं ऐकत होते, मुलीला काय मिळतं अन् मुलाला काय. अन् एक दिवस अचानक माझ्या टाळक्यात उजेड पडला. सेट काढलाच नाही असं नसेल. काढला असेल, बाबांनी मुलगी झाली म्हणून घेतला नसेल. मिल्यासाठी घेतला, मग मी झाले, हात आखडता घेतला, अंद्या झाला, परत पैसे भरले. सगळं कसं बरोबर बसत होतं. अन् बसत होतं म्हणूनच मला झोप येईना. आमच्या घरी बाबा दर रविवारी आम्हाला समतेवर भाषण द्यायचे, तेही पाण्याची घागर माझ्या डोक्यावर देता देता.

मावशीच्या घरापासून गुरुद्वाऱ्याकडं जाताना एका बोळात गफूरचाचांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पालथं घातलेलं कपाट. जुनी नाणी, निजामाचे रुपये, तिकिटं, अत्तराच्या बाटल्या, बंद पडलेली घड्याळं. लांबून लांबून यात्रेकरू यायचे, त्यांच्याकडून घ्यायचं अन् त्यांनाच विकायचं, असा चाचांचा धंदा. बोलायला एकदम गोड अन् भाव सांगायला एकदम निर्दय. मी मिल्यादादाला म्हणलं चल. तो म्हणाला, तिथं तुझं काय काम, तुझ्या सालाचं तर सरकारलाच नाव काढू वाटलं नाही. पण आला. मजा बघायला मिळत असेल तर मिल्यादादा कुठंही यायचा.

मी चाचांना विचारलं, टांकसाळीचे सेट कधी कमी कधी जास्त का निघतात, अन् एखाद्या साली निघतच नाहीत असं असतं का? चाचांनी आधी मला वरून खालपर्यंत बघितलं, गिऱ्हाईक आहे का नाही त्याचा अंदाज घेतला, नाही असं ठरलं, तरी बोलायची हौस सुटेना. ते म्हणाले, अगं, टकसालवाले काय खैरात वाटत नाहीत. ते आधी इश्तेहार, म्हणजे जाहिरात, देतात, लोक पैसे भरतात, जेवढे पैसे आले तेवढ्याचाच हिशोब धरून माल काढतात. एखाद्या साली काही मोठा जलसा असला, देशाचा वाढदिवस असला, तर लोक तुटून पडतात, मग माल जास्त. एखाद्या साली चांदी महागली, सेट महागला, लोकांनी हात खिशात घातला अन् तसाच ठेवला, तर माल कमी. वर हे काम नाजूक. ठसा घासून आरशासारखा करायचा, एकेक नाणं दाबून दाबून, हातानं उचलून ठेवायचं, हात घाई करत नाही. त्यात बाजारात चिल्लर कमी पडली तर यंत्रं आधी साध्या नाण्यांना लागणार. लोकांना भाजी आणायला सुट्टे नाहीत अन् तुम्ही शौकिनांचे आरसे बनवत बसला, असं कोण चालू देईल? बास, एवढंच गणित. मी मनात म्हणलं, ह्यात बाबांच्या तोफा नाहीत का नांगर नाहीत.

मी माझं साल सांगितलं. चाचांनी कानावरून अत्तराचा बोळा काढला, वास घेतला, परत ठेवला.

"निकला था बेटी. कम निकला, पर निकला था."

मिल्यादादा हसायचा थांबला. मी म्हणलं, नक्की? चाचा म्हणाले, "नक्की नहीं तो क्या, हात से बेचा मैंने. आज मिल गया तो तेरे बाप की तनखा में नहीं आता." अन् माझा विश्वास बसावा म्हणून, किंवा आता ही पोरगी बापाला घेऊन येईल ह्या आशेनं, त्यांनी कपाटातून एक सेट काढला. माझ्या सालाचा नाही, त्याच्या शेजारच्या सालाचा. म्हणाले, डबी अशीच होती, अगदी हीच, आधी अन् पुढं वेगळी डबी असायची. त्यांनी झाकण उघडलं. माझे हात आपोआप मागं गेले. मिल्यादादाचेही. चाचा आमच्याकडं बघायलाच लागले, ही लेकरं अशी कैद्यांसारखी का उभी राहिली म्हणून.

निळी डबी. आत मखमलीसारखा लागणारा पुठ्ठा. लहान खड्डा, त्याहून मोठा, कंगोऱ्याचा, चौकोनी, अन् मधे एक मोठा थोरला गोल.

मिल्यादादाचा अन् अंद्याचा सेट वेगळ्या डब्यांत होता, लाल. ही निळी डबी मात्र मी जन्मापासून रोज बघत होते. आईचा गुंड्यांचा डबा. लहान खड्ड्यात टिचबटणं, त्याहून मोठ्यात शर्टाच्या गुंड्या, चौकोनीत सुया, अन् मधल्या थोरल्या गोलात बाबांच्या कोटाची एकुलती एक काळी गुंडी. झाकणाचा कोपरा तुटलेला. मी त्यातून हजारदा गुंडी काढली असेल, अन् एकदाही मनात आलं नाही की गुंड्यांच्या डब्याला नाण्याच्या मापाचे खड्डे कोण कशाला पाडेल. मिल्यादादा हळूच म्हणाला, "सुजे, हा तर आईचा..." अन् तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात मिल्यादादा वाक्य अर्धं सोडून गप्प बसला ती पहिली वेळ.

आता सगळं उलटं झालं. म्हणजे सेट निघाला होता. बाबांनी घेतलाही होता. मग गेला कुठं? मी चार दिवस डोकं खाजवलं अन् शेवटी ठरवलं की विकला. मुलीचा म्हणून विकला. मिल्याचा ठेवला, अंद्याचा ठेवला, माझा विकला, त्याच्या पैशात काहीतरी मुलांचंच केलं असणार. परत जाताना गाडी लोह्याला थांबली, मिल्यादादानं स्वतःच्या पैशानं मला भजी घेऊन दिली. मी खाल्ली नाहीत. म्हणजे खाल्ली, पण रागानं खाल्ली.

लातूरला आले ते बाबांशी बोलणं बंद करूनच. बाबा विचारायचे, नांदेड कसं हाय? मी भिंतीशी बोलायचे. गिलावा नसलेल्या. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मिल्यादादाकडं, अन् परत राखेत हात घातला. मग माझा वाढदिवस आला. टँकर आदल्या दिवशी आला होता म्हणून खीर झाली, आंघोळी मात्र अंग पुसण्यावर भागल्या. मेणबत्ती, वंदना. बाबांनी पुठ्ठा काढायला हात घातला, त्याच्या आधी मी उठले, आईच्या शिवणाच्या टोपलीतून निळी डबी आणली अन् पाटावर खिरीशेजारी ठेवली. झाकण उघडलं. गुंड्या.

"हात मागं," मी म्हणलं.

अंद्यानं बिचाऱ्यानं हात मागं घेतले सुद्धा. बाबांचा हात पुठ्ठ्यावरच राहिला. मी मग सगळं एका दमात बोलले, चाचा, इश्तेहार, चांदी, कमी निघाला पण निघाला, अन् शेवटी ते बोलले जे गेले पंधरा दिवस माझ्या घशात अडकलं होतं, की मी मुलगी म्हणून माझा विकला, हो ना? बाबा खाकरले. खुर्ची नव्हती तरी मागं रेलले. "त्याचं असं हाय बाळ, टांकसाळीत त्या साली..."

"बास करा आता," आई म्हणाली. "सरकारला किती बदनाम करायचं मानसानं."

अन् मग आई बोलली. आई एरवी बोलायची ती पाण्यावर अन् पिठावर, त्यामुळं आम्ही सगळे खालीच बसलो. ती म्हणाली, मोठा दुष्काळ होता. मला दात यायला लागले होते अन् जुलाब लागले होते, काही पोटात ठरेना, आईचं दूध आटलेलं. बाबा गावात नव्हते. भोकरकडं दुष्काळी कामं निघाली होती, खडी फोडणाऱ्या लोकांची मजुरी वाटायला ट्रेझरीची पेटी जायची, तिच्याबरोबर बाबांना पाठवलेलं, तिकडंच अडकले होते. म्हणजे बाबा तिकडं दिवसभर लोकांच्या हातात सुट्टे पैसे ठेवत होते, अन् इकडं घरात एक पैसा नव्हता. डॉक्टर म्हणाले डब्यातलं दूध द्या, अन् हे औषध. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, डबा हाय, रोख द्या.

"मी पेटी उघडली," आई म्हणाली. "दोन डब्या. मिल्याचा लाल, तुझा निळा, पोस्टानं येऊन महिना बी झाला नव्हता. मिल्याच्याला हात न्हाई लावला. म्हणलं, पोरगी आजारी हाय, पोरीचंच मोडू. मिल्या आजारी पडला असता तर मिल्याचा मोडला असता. तू पडलीस."

झाकण घट्ट होतं, तिनं विळीच्या टोकानं उचकटलं, तेव्हा कोपरा तुटला. नाणी घेऊन दुकानात गेली तर दुकानदारानं ती उन्हात धरली, दगडावर आपटली अन् परत दिली. म्हणाला, ही खोटी हायेत, असलं चकाकणारं नाणं सरकार काढत नसतं. आई म्हणाली खरी आहेत. तो म्हणाला, बाई, खरा पैसा असा दिसतो का कधी? तर आई घरी आली. चुलीपुढं बसली. अन् ज्या नाण्यांवर बाबा आम्हाला श्वास सोडू द्यायचे नाहीत, ती तिनं एकेक करून राखेनं घासली. अंगठ्यानं, गोल गोल, कड न सोडता. चकाकी जाईस्तोवर. मग त्यांना जरा तेलाचा हात लावला, पुन्हा राखेत टाकली, अन् परत त्याच दुकानात गेली. दुकानदारानं बघितलं अन् म्हणाला, हां, ही खरी.

मी तिच्या अंगठ्याकडं बघत होते.

"तुझा सेट कुनी विकला न्हाई," आई म्हणाली. "तूच पेलीस. वाटीचमच्यानं."

मिल्यादादाला हसू आवरेना, पण हसता हसता त्याचे डोळे भरले, अन् ते लपवायला तो खिरीच्या पातेल्यावर वाकला, तर अंद्या ओरडला, त्याचं पाणी पडतंय खिरीत. बाबा मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी त्यांचा भाग सांगितला. भोकरहून आले, डबी बघितली, अन् दुकानदाराकडं पळत गेले, निदान चांदीचं थोरलं नाणं तरी परत घ्यावं म्हणून. ते पुढं गेलं होतं. मग लई दिवस ट्रेझरीत पैशांच्या थैल्या आल्या की बाबा त्यात राखेनं काळवंडलेलं नाणं शोधायचे. साहेबांना वाटायचं, काय मन लावून काम करतो हा माणूस. मी विचारलं, मग मला खोटं का सांगितलं? बाबा म्हणाले, "तुझ्या आईला लई वाईट वाटलं होतं. तिनं माझा हात धरला, म्हणली पोरीला सांगू नका, पोरीचं पहिलं देणं आपण मोडून खाल्लं. मग सरकारचं नाव घेतलं. सरकारला काय, सवय असती."

डबी तशीच उघडी, गुंड्या मेणबत्तीच्या उजेडात. आमचे सगळ्यांचे हात अजून पाठीमागंच होते, कधी गेले कळलंही नव्हतं. आईनं माझा हात धरून पुढं ओढला. "लाव की हात. तुझंच हाय." मी मधल्या थोरल्या गोलातली कोटाची काळी गुंडी उचलली अन् त्या खड्ड्यात बोट ठेवलं. गुळगुळीत होता. कडेला तेलकट राख होती का माझा भास, ते आजही सांगता येणार नाही. अन् मग बाबा म्हणाले, "त्याचं असं हाय..." अन् आम्ही सगळे एकदम ओरडलो, बास.

बाबा गेले, आई गेली. लाल डब्या भावांकडं आहेत, त्यांच्या बायकांनी बँकेच्या लॉकरमधे ठेवल्यात, त्यामुळं त्या आता कुणालाच दिसत नाहीत, डाग पडायची भीतीच मिटली. निळी डबी माझ्याकडं. आत अजून गुंड्याच आहेत. काळी गुंडी आहे, कोट नाही. सकाळी भाच्याला मी गफूरचाचांचं गणित सांगितलं, लोकांनी पैसे भरले तर सेट जास्त, नाही भरले तर कमी, चांदी, चिल्लर, नाजूक काम, सगळं. तो म्हणाला, आत्या, तुझ्या सालाचा नेटवर दिसतोय, महाग आहे, पण आम्ही सगळे मिळून साठीला घेऊन देतो तुला. मी म्हणलं, नको रे राजा. तो मी पेले. पचला सुद्धा. एवढं मात्र खरं, की कुठं जुन्या नाण्यांचा ढीग दिसला, भंगारवाल्याकडं, कुणाच्या देव्हाऱ्यात, तर माझा हात आपोआप जातो अन् मी साल बघते, अन् साल जुळलं तर ते नाणं अंगठ्यानं घासून बघते, खालून आरसा निघतो का.

कुकर करपला वाटतं. ह्यांनी शिट्ट्या ऐकल्याच नाहीत. असू दे. तुम्ही मला आधी हे सांगा, तुमच्या घरातही असं काही आहे का, जे तुम्हाला मिळालं नाही म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं रुसून बसलात, अन् मागाहून कळलं की ते तुमच्याच पोटात गेलंय?